उजव्या वाऱ्याची होडी

सोलापूर, ता. ४ डिसेंबर १९३३
टपालाने, मु. करकंब

सौ. अनसूयेला अप्पांचा आशीर्वाद. हे पत्र ज्या वडीलधाऱ्यांच्या हातून तुझ्या हाती येईल, त्यांना त्याआधी माझा नमस्कार.

इकडे सर्व बरं. तुझी आई माझ्या खोकल्यावर रागावलेली आहे. धाकटी प्रेमला आरशापुढून हलत नाही, कारण बार्शीच्या मंडळींचा पसंतीचा निरोप आला. वॅगनींवर टाकायच्या ताडपत्र्यांचं काम एवढं आहे की कारागिरांना जेवायलाही कापडावरच बसावं लागतं.

एक गंमत सांगतो. काल हिप्परग्याच्या तलावावर शिडाच्या होड्यांची शर्यत होती. क्लबात साहेबलोक जास्त, आपले थोडे. मला घेतलं ते त्यांची शिडं मी शिवतो म्हणून. पण काल सगळा बांध बघत होता तो तुझ्या मामंजींकडे. कुंडलिकरावांची नवी होडी 'सुदर्शन', मुंबईची शिडं, पितळी कड्या, आणि मामंजी स्वतः जरीचा फेटा बांधून सुकाणूवर. माझी 'ठिगळी' तिच्याशेजारी म्हणजे वरातीच्या घोड्याशेजारी धोब्याचं गाढव. तोफ व्हायच्या आत आम्ही दोघं समोरासमोर आलो. मी अर्थातच वाट दिली. मुलीच्या बापानं नाही द्यायची तर कुणी? वळताना माझी होडी क्लबच्या चिटणिसांच्या होडीवर आदळली आणि मला शर्यतीतून काढलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

आता मुख्य गोष्ट. तुला सहावा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मामंजींना मी काय सांगायची? सातव्यात तुला आणायचा दिवस त्यांनीच सोयीनं ठरवावा. मी मोटार घेऊन येईन. सोलापुरात डॉक्टरीणबाई आहेत, आईही आहे. सासूबाईंना माझा दंडवत सांग.

तुझे अप्पा


सोलापूर, ता. ११ डिसेंबर
सोनाबाईच्या हाती

अनू,

ही चिठ्ठी सोनाबाई कासारणीच्या करंडीत बांगड्यांखालून येईल. ती करकंबच्या बाजाराला जाते आणि तुमच्या माजघरापर्यंत तिला कुणी अडवत नाही. वाच आणि चुलीत घाल. टपालानं येईल ते मामंजींसाठी, हिच्याकडून येईल ते तुझ्यासाठी, असं समज.

काल बांधावर मामंजी मला म्हणाले, "काय रामहरीराव, खोकल्यावरनं सोजरबाई अजून रागावतात का?" खोकल्याचं मी जगात कुणाला बोललो नव्हतो. फक्त तुला लिहिलं होतं. माझे कान अजून शाबूत आहेत.

त्या शर्यतीचं खरं सांगतो, कारण तुझं जाणं-येणं आता त्याच पाण्यात अडकलं आहे. एका टोकाला बांधावरचं निशाण, दुसऱ्या टोकाला तरंगतं पिंप, मधली रेघ मनानं ओढायची. पहिली तोफ झाली की सगळ्या होड्या त्या रेघेमागं घिरट्या घालतात, आणि दुसरी तोफ होताच रेघ ओलांडून सुटायचं. आधी ओलांडली तर परत मागं. म्हणून ऐन तोफेला रेघेवर, वेगात आणि मोकळ्या जागी असणं, ह्यातच निम्मी शर्यत. आणि मोकळी जागा कुणी कुणाला देत नाही.

भांडण नको म्हणून कायदे केलेत. ज्या होडीला वारा उजव्या अंगानं लागतो, वाट तिची. डाव्या अंगाचा वारा घेऊन येणाऱ्यानं वळायचं. दोघींना एकाच अंगाचा वारा असेल तर वाऱ्याच्या आडोशाला जी आहे तिचा मान, वरचीनं हटायचं. बस्स. कुणाचं गाव कोणतं, जमीन किती, कुणी कुणाला मुलगी दिली, काही विचारत नाहीत. अनू, मी होटगीच्या यार्डात फाटक्या ताडपत्र्यांना टाके घालत होतो तिथपासून आजवर एकही दार असं पाहिलं नाही, जिथं आधी हे विचारलं नाही. म्हणून तर हा खेळ ह्या वयात गळ्यात घेतला.

त्या दिवशी मला उजवा वारा होता. मामंजी समोरून डाव्या वाऱ्यानं आले. वळायचं त्यांनी. शिडाची दोरी धरायला माझ्याबरोबर हिप्परग्याचा बिरप्पा धनगर असतो. तो ओरडला, "मालक, आपला वारा उजवा हाय! सोडू नगा!"

"आरं, इवाई हायेत ते."

"इवाई काठावर! पान्यात कुटला आला इवाई?"

तेवढ्यात मामंजींनी हात वर केला आणि पाण्यावरून त्यांचा आवाज आला, "ओ मुलीचे बाप! सरका!" माझा हात आपोआप सुकाणूवर वळला. लग्नात मांडवाच्या दारात त्यांच्या पायांवर पाणी घातलं होतं, तोच हा हात. खाली आडोशाला टर्नर साहेबाची, म्हणजे चिटणिसांची होडी होती. तिच्या कुशीत मी घुसलो.

साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "तुमचा हक्क होता. ज्याचा हक्क त्यानं सरळ जायचं. तुम्ही सरळ जाणार म्हणून बाकीचे आपला हिशेब करतात. तुम्ही वळलात आणि माझी फळी फोडलीत. बाद तुम्ही." शेजारी मामंजी उभे. म्हणाले, "साहेब, आमच्यात रीत आहे. हे आमच्या सुनेचे वडील." आणि सुपारी कातरू लागले.

तुला पाठवायचं विचारलं तर म्हणाले, "बघू."

बघू म्हणजे काय ते मला कळतं. सोनाबाई म्हणते तुझे पाय सुजलेत, जोडवी निघेनात. तुझी थोरली जाऊ गेल्या वर्षी त्याच घरात अडली आणि घरच्या सुईणीशिवाय कुणाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, हे तूच दिवाळीला आईच्या कुशीत तोंड घालून सांगितलंस. मी बाहेर ओट्यावर होतो. मी ते ऐकलं, हे तुला ठाऊक नव्हतं.

भीमरावांना पुण्याला लिहिलं. जावईबापूंचं उत्तर आलं: "वडिलांच्या शब्दाबाहेर मी नाही." वकिली शिकताहेत, तरी एवढं एकच वाक्य.

तब्येतीचं सोनाबाईजवळ तोंडी सांग. जपून.

अप्पा


सोलापूर, ता. १८ डिसेंबर
टपालाने

सौ. अनसूयेला आशीर्वाद. घरातल्या वडीलधाऱ्यांना नमस्कार.

आनंदाची बातमी. काल बांधावर चारचौघांत तुझ्या मामंजींनी शब्द दिला की वर्षअखेरीचा चषक 'सुदर्शन'ला मिळाला की सूनबाईला माहेरी धाडतो. सासूबाईंनाही हे कळावं म्हणून लिहितो. करकंबच्या कुंडलिकरावांचा शब्द म्हणजे काय ते मी सांगायला नको. त्यांना यश यावं म्हणून तुझी आई शनिवार धरते आहे.

तुझे अप्पा


सोलापूर, ता. २ जानेवारी १९३४
सोनाबाईच्या हाती

अनू,

चषक मिळाला. मी मिळवून दिला.

कसं ते ऐक, म्हणजे तुझ्या बापानं काय शिकून घेतलं ते कळेल. मामंजींना वारा कळत नाही, माणसं कळतात. तोफेच्या आधी सगळे एकाच अंगाला गर्दी करतात, उजव्या वाऱ्यानं, एकमेकांना दाबत. वरच्याला पिंपावर रेटायचं, खालच्याच्या शिडातला वारा खायचा. ह्या गर्दीत डाव्या वाऱ्यानं कुणी शिरत नाही, कारण त्याला वाट द्यायला कुणी बांधलेला नाही. मामंजी शिरतात. थेट माझ्या अंगावर येतात. मी वेग कमी करतो, मागं राहतो, होड्यांच्या भिंतीत दार पडतं, आणि ते त्यातून तोफेबरोबर पार. आता माझ्या खालच्या अंगाला कुणी नसेल एवढं मी बघतो, म्हणजे बाद होत नाही. फक्त शेवटचा येतो.

टर्नर साहेबानं परवा मला बाजूला घेऊन विचारलं, "रामहरी, तुझ्या होडीचं सुकाणू तुझ्या हातात असतं की त्यांच्या?" मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला मुलगी आहे का?"

बिरप्पा तर माझ्याशी बोलेनासा झालाय. काल एवढंच म्हणाला, "मेंढरू बी दोनदा त्याच कुत्र्याला वाट देत न्हाय, मालक."

चषक घेऊन मामंजी उतरले तेव्हा मी पुढं झालो. हार घातला. म्हटलं, "मोटार कधी आणू?"

"अहो, पौष लागलाय. पौषात सून हलवतात का कुठं?"

"मग संक्रांत झाल्यावर?"

"त्या महिनाअखेरीला पुण्याच्या होड्या यायच्या आहेत. मोठी शर्यत. ती होऊ द्या." माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रामहरीराव, तुम्ही वाट फार चांगली देता. अशीच देत जा."

संक्रांत झाली की आठवा लागतो, आणि आठव्यात कुणी हलवत नाही. नंतर नववा. हे त्यांनाही कळतं. आजवर गिऱ्हाईक, स्टेशनमास्तर, फौजदार, सगळ्यांशी हसत बोलून वाट काढली. इथं जेवढी वाट देतो तेवढा मीच कोंडला जातो. वर ते, खाली रीत, आणि समोर पिंप.

काल दिवसभर कापड कापताना एकच ऐकत होतो, मामंजींचं बोलणं, पहिल्यापासून. ते काय काय म्हणतात, कशानं धमकावतात. आणि सापडलं. तुझ्या लग्नापासून मला ते एकाच गोष्टीचा धाक घालतात. मानपानात चूक झाली तेव्हा म्हणाले, "पोर माहेरी पाठवून देईन." दिवाळीला लुगडं हलकं पडलं, तेव्हाही तेच. त्यांच्या दृष्टीनं मुलीच्या बापाला ह्याहून मोठी शिक्षा नाही.

म्हणजे मागून ते देणार नाहीत. शिक्षा म्हणून देतील.

म्हणून ह्या महिनाअखेरीला मी वळणार नाही. सरळ जाणार. ते दार उघडेल म्हणून येतील आणि दार नसेल. पुण्याचे लोक, सारा बांध बघत असेल. मग ते त्यांची ती शिक्षा काढतील. ती माझ्या वर्मी लागते असं त्यांना वाटलं पाहिजे, म्हणून आधी टपालानं एक वाईट पत्र येईल. त्यातलं अक्षर माझं असेल, शब्द माझे नसतील. एकाही ओळीवर विश्वास ठेवू नकोस.

पण पोरी, ह्यात तुझं फार जाणार आहे. अशी पाठवलेली सून परत नेतीलच असं नाही. भीमरावांचं ते एक वाक्य तू वाचलंस. टाकलेली म्हणून लोक बोलतील. मला माझं गणित कळतं, तुझं तुलाच कळेल. सोनाबाईजवळ तोंडी एक शब्द दे. हो म्हणालीस तर सरळ जाईन. नको म्हणालीस तर जन्मभर वाट देईन आणि दुसरा काही उपाय शोधीन.

अप्पा


सोलापूर, ता. २२ जानेवारी
टपालाने

अनसूया,

तुझ्या वागण्याबद्दल सासरच्या मंडळींना असमाधान आहे असं माझ्या कानावर आलं. मला एकच सांगायचं आहे आणि ते नीट वाच. मुलगी दिली ती दिली. उद्या तुझ्या कोणत्याही चुकीनं त्यांनी तुला परत पाठवलं तर माझ्या दारात येऊ नकोस. मी दार उघडणार नाही. प्रेमलाचं बार्शीला जमत आलं आहे. घरात टाकलेली बहीण बसली तर तिला कोण करून घेईल? चाळीस वर्षं खपून मी सोलापुरात नाव मिळवलं, ते तुझ्या पायी धुळीला मिळवायची माझी तयारी नाही. आणि झालंच तर विहीर जवळ कर, पण माझं घर नको.

मामंजींच्या पायांवर डोकं ठेवून राहा. त्यातच तुझं आणि माझं भलं आहे.

रामहरी


सोलापूर, ता. ३० जानेवारी

अनू,

हे कुणाच्या हाती देऊ ते कळत नाही, तरी लिहितो. लिहिलं नाही तर छाती फुटेल.

आधी परवाची शर्यत. वारा जोराचा होता, पाण्यावर पांढरं उठत होतं. पहिली तोफ झाली. मी उजव्या वाऱ्यानं रेघेमागं आलो. वरच्या अंगाला पुण्याची एक होडी, खाली टर्नर साहेब, मी मध्ये दाबलेला. बिरप्पा म्हणाला, "आलं बगा तुमचं इवाई."

'सुदर्शन' समोरून डाव्या वाऱ्यानं येत होती. फेट्याची जर चमकत होती. बिरप्पा दोरी सैल करू लागला, त्याला सवय झाली होती. मी म्हटलं, "आवळ."

तो माझ्याकडं बघत राहिला. "काय म्हनला?"

"आवळ म्हटलं! सरळ जायचं हाय."

त्याचे सगळे दात दिसले. म्हणाला, "लई दिवसांनी मालक आले म्हनायचं!"

मी रीतीप्रमाणं ओरडलो, "उजवा वारा! उजवा वारा!" मामंजींनी नेहमीसारखा हात वर केला, "सरका, मुलीचे बाप!" मी सरकलो नाही. अगदी जवळ आल्यावर त्यांच्या तोंडावर मला पहिल्यांदा दिसलं की त्यांना कळलं. सुकाणू त्यांनी एकदम फिरवलं. शीड ह्या अंगाचं त्या अंगाला आपटलं, माणसं एकावर एक पडली, आणि 'ठिगळी'चं नाक 'सुदर्शन'च्या मधोमध बसलं. तिच्यात पाणी भरलं. मामंजी पाण्यात, आणि त्यांचा फेटा उलगडत उलगडत लांब चालला होता. बिरप्पानंच त्यांना बखोटीला धरून वर घेतलं. वर घेताना म्हणाला, "या, इवाई."

पंचांनी विचारायलाही वेळ घेतला नाही. बाद 'सुदर्शन'. पुण्याचे लोक टाळ्या पिटत होते. बोडक्या डोक्यानं, चिखलात उभे राहून, साऱ्या बांधासमोर मामंजी ओरडले, "घेऊन जा तुमची पोर! उद्याच्या उद्या धाडतो! माझ्या घरात नको!"

मी त्यांच्या पायांवर लोळण घेतली. "तेवढं करू नका, माझी अब्रू जाईल, धाकटीचं लग्न मोडेल." ते पाय ओढून घेत होते आणि मी सोडत नव्हतो. असं रडलो की टर्नर साहेबानं तोंड फिरवलं. घरी आलो तो मोटारीत गाणं म्हणत आलो. तुझ्या आईला म्हटलं, खाट झटक, पोर येते.

काल गाडीला तू आली नाहीस. आणि आज सकाळी सोनाबाई आली.

करंडी ओट्यावर ठेवली, पण बसेना. मी म्हटलं, "काय गं, अनूनं काही सांगितलं का? महिना झाला." तिनं बांगड्या बाजूला केल्या. तळाशी माझी चिठ्ठी. तशीच. दोन तारखेची.

"आप्पा, मला आत घेईनातच," ती म्हणाली. "ईनबाईनी पंढरपुरास्नं बांगड्या आनल्या. म्हनल्या, पोटुशी सून हाय, दिस्ट लागती, भायेरच ऱ्हा. मला वाटलं संक्रांतीला तरी बोलवतील. मग म्हनलं फुडच्या बाजारी. तुमी इतकं तिच्या वाटेकडं डोळं लावून, तुमास्नी कसं सांगू?"

म्हणजे ह्या महिन्यात तुझ्या हाती एकच पत्र पडलं. विहीर जवळ कर, असं लिहिलेलं.

तिच्यावर ओरडलो. पण ओरडताना मला माहीत होतं. तुझा निरोप आला नव्हता, आणि तरी मी बावीस तारखेचं पत्र टाकलं. तारीख जवळ आली होती, वारा चांगला होता, डाव जमला होता. तू काही बोलली नाहीस, त्याचं मी हो करून टाकलं.

मोटार काढायला सांगितली आहे. मीच येतो करकंबला.


होटगी, ता. ३ फेब्रुवारी
तुझ्या बजाआत्याच्या हाती

अनू,

मी तुझ्या आत्याच्या ओट्यावर बसून लिहितो आहे. मधे एक भिंत आहे. आत तू कूस बदललीस की खाट वाजते, ती मला ऐकू येते. आत्या म्हणते, "अप्पा, ती म्हनती न्हाय भेटायचं. मी काय करू? तू लिही, मी दिते." म्हणून लिहितो.

मी मोटारीनं करकंबला पोचलो तेव्हा मामंजी झोपाळ्यावर होते. म्हणाले, "उशीर केलात. सकाळच्या गाडीनं धाडली." मी म्हटलं, "आठव्यात?" म्हणाले, "शिक्षेला महिना बघत नाहीत." मग आतून एक कागद आणवला आणि माझ्यापुढं धरला. "मुलगी निघायला तयार नव्हती. 'अप्पा मला घरात घेणार नाहीत' म्हणून रडत होती. मी चौकात उभं राहून तिला हे पुन्हा वाचून दाखवलं. तुमचंच अक्षर ना?" आणि त्यांनी सुपारीचा अडकित्ता काढला. त्यांना सगळं कळलं होतं का, हे मला त्यांच्या आवाजावरून ओळखता आलं नाही. आजवर असं कधी झालं नव्हतं.

मी रस्त्यानं तिकडं चाललो होतो तेव्हा तू रेल्वेनं इकडं येत होतीस. तिकीट सोलापूरचं होतं. सोलापूरला गाडी उभी राहिली, तू उतरली नाहीस. तुझी आई तिथं फलाटावर होती, पोरी. बायकांच्या डब्यासमोरून दोनदा गेली. आत्या म्हणते, तू पदर पुढं ओढून खिडकीकडं पाठ केलीस. पुढं होटगीला उतरलीस, ते तरी उतरलीस. तू उतरायच्या आधी त्या गाडीत काय विचार करत होतीस, ते मी विचारणार नाही.

सोनाबाईनं आणलेली चिठ्ठी ह्यासोबत ठेवली आहे. ती आधी लिहिली, ते पत्र नंतर. तारखा बघ. पण मी तुला पुरावा द्यायला बसलो नाही. माझी अक्षरं दोन्ही कागदांवर सारखीच दिसतात, तू कुठल्यावर विश्वास ठेवायचा ते मी कोण सांगणार? आत्याजवळ तू म्हणालीस, "अप्पांनी मला विचारलं न्हाय." ते मी भिंतीतून ऐकलं. विचारलं होतं, हे खरं. उत्तराची वाट पाहिली नाही, हेही खरं. मामंजींनी तुला धरून ठेवली आणि मी तुला सोडवली, दोघांनीही तुला न पुसता.

आता उपयोगाचं. डॉक्टरीणबाई उद्याच्या गाडीनं येतील. त्यांना आत घे. त्या माझ्या नाहीत, परक्या आहेत, त्यांच्यावर राग नसावा. आठवा सरेपर्यंत तुला इथून हलवायचं नाही असं त्यांनी आत्ताच कळवलं आहे. आईही त्यांच्याबरोबर येईल. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून तिला अडवू नकोस. मी परत जातो. तू बोलावल्याशिवाय ह्या ओट्यावर चढणार नाही.

आत्यानं चहा आणून ठेवला आहे. तुझा आवाज आला, "त्यांनी पिला का?" एवढं पुरे आहे. पितो आणि निघतो.

अप्पा


कार्ड
सोलापूर, ता. ५ फेब्रुवारी १९३४
सौ. अनसूया, बजाबाई पॉइंटमनच्या घरी, रेल्वे चाळ, होटगी

अनू,

आजपासून मी तुला पाकिटातून किंवा कुणाच्या करंडीतून काही पाठवणार नाही. हे उघडं कार्ड आहे. स्टेशनातले, चाळीतले, ज्याला अक्षर येतं त्यानं वाचावं.

ही माझी मुलगी आहे. तिला मी माझ्या घरी बोलावतो. आठवा सरला की यावं, किंवा तिला वाटेल तेव्हा. बार्शीच्यांनी काल नकार कळवला. प्रेमला दिवसभर रडली, संध्याकाळी तिनं तुझ्यासाठी खाट खिडकीजवळ ओढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायाची सूज उतरते आहे.

होटगीचे पोस्टमन कार्डं वाचून मगच देतात, असं बजाक्काकडून ऐकलं. त्यांना माझा रामराम. दादा, हे कार्ड तिच्या हातात द्यायच्या आधी दारात उभे राहा आणि मोठ्यानं वाचा.

रामहरी